काळं खाली, काळं वर

त्याचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते. सगळे त्याला ओळंबा म्हणत. गवंडी भिंत चढवताना दोरीला बांधलेलं जे वजन कडेला सोडून बघतो, तो ओळंबा. भिंत नाकासमोर चालली आहे की कुणाच्या अंगावर झुकली आहे, हे तो न बोलता सांगतो. ह्या गवंड्याचंही तसंच होतं. तो बोलायचा कमी, आणि बोललाच तर एवढंच, की "पाडा." एखादा थर बोटभर बाहेर गेलेला दिसला की मालक हो म्हणो नाहीतर नाही म्हणो, तो पाडायचा आणि पुन्हा रचायचा. चेष्टेखोर लोक म्हणत, "ओळंब्याची सावलीसुद्धा काटकोनात पडते." त्यावर तो हसायचा नाही. ह्यात चेष्टा काय आहे, तेच त्याला कळायचं नाही.

उभ्या हयातीत त्याने एकच शास्त्र पाळलं. पाया खाली असतो, छप्पर वर असतं. खालचं खाली राहतं म्हणून वरचं वर टिकतं. ह्यात कधी बदल झालेला त्याने पाहिला नव्हता, आणि ज्या घरात तो झाला, ते घर पाहायला उरलं नव्हतं.

बायको सूतगिरणीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होती. तिचं सगळं ह्याच्या उलट. तिच्या तोंडून शब्द असे यायचे, जशी शाळा सुटल्यावर दारातून पोरं. हात कढईत आणि जीभ जगभर. "तुमच्या वाटचंही मीच बोलते," ती नवऱ्याला म्हणायची, "नाहीतर ह्या घरात एक दिवस भिंती बोलायला लागतील." ओळंबा जेवता जेवता मान हलवायचा. घरात बोलण्याचं काम तिच्याकडे आणि गप्प बसण्याचं ह्याच्याकडे, अशी वाटणी दोघांनी न ठरवताच झालेली होती.

मग थंडीतल्या एका सकाळी तिच्या हातातून पातेली निसटली. अर्धांगाचा झटका होता. पाय लवकर सावरला. उजवा हात लुळा पडला तो पडलाच. आणि शब्दांची तर पार दाणादाण उडाली. डॉक्टर म्हणाले, "शब्द सगळे आत आहेत. फक्त घरं बदलून बसलेत." म्हणजे पाणी हवं असलं की ती मीठ मागायची. दार लावा म्हणायचं असलं की उघडा म्हणायची. वर आणि खाली, आत आणि बाहेर, हो आणि नाही, सगळे जोडीदार एकमेकांच्या खुर्चीत जाऊन बसले. "अहो" हा एक शब्द तेवढा जागचा हलला नव्हता.

ती नेहमीच उलटं बोलली असती, तर ओळंब्याला काही जड गेलं नसतं. सगळंच उलटं ऐकायची सवय लावून घेतली असती, की झालं. पण शब्द कधी उलटा यायचा, कधी अगदी सरळ. कोणता कसा आला, हे सांगणारी दोरी कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. एकदा त्याने मुद्दाम आपली सिमेंट लावायची थापी तिच्यासमोर धरली आणि विचारलं, "हे काय आहे?"

"चमचा," ती म्हणाली.

आता हा शब्द चुकला होता, की ती पूर्वीसारखी त्याची थट्टा करत होती? तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं होतं खरं. पण झटक्यानंतर तिचा ओठ तसाही एका बाजूला हलायचा.

त्यात लेकीचा फोन आला. लेक लांबच्या शहरात नोकरीला होती. तिथे बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आईला काही महिने माझ्याकडे राहू दे, असं लेकीचं म्हणणं होतं. जागा दीड खोलीची, तिथे बाबांची सोय होणार नव्हती. पण आई रोज शिकवणीला गेली तर बोलायला लागेल. लेकीने फोनवर आईलाच विचारलं, "आई, येतेस ना माझ्याकडे?"

"हो," आई म्हणाली.

लेक खूश झाली. रविवारी संध्याकाळी येते, सोमवारी सकाळी घेऊन जाते, असं ठरवून तिने फोन ठेवला. ओळंबा बायकोच्या समोर बसला. त्याने शब्द चाळून चाळून घेतले आणि विचारलं, "खरं सांग, तुला जायला नकोय का?"

"हो," ती म्हणाली. तितक्याच ठामपणे.

ओळंब्याचे डोळे पांढरे झाले. जायचंय म्हणजेही हो, जायला नकोय म्हणजेही हो. ह्यातला एक तरी हो उलटा होता. कोणता? पाठवावं आणि तिला जायचंच नसलं, तर बिचारी तिथे तोंड असून मुकी बसेल. न पाठवावं आणि तिला जायचं असलं, तर तिची वाचा आपण आपल्या हाताने भिंतीत चिणली, असं होईल. आठवडाभर तो हेच डोक्यात घोळवत राहिला. भाजी आणायला गेला आणि पिशवी तिथेच विसरून आला.

रविवारी सकाळी बायकोने डाव्या हाताने फळीवरचं केकचं भांडं ओढलं. ते दणकन ओट्यावर आपटलं.

"अहो," ती म्हणाली. आणि मग जरा चाचपडून, "केक."

हा शब्द सरळ होता, ह्यात शंकाच नव्हती. लेक घरी यायची तेव्हा तिची आई हा केक करायचीच. खाली काळाभोर चॉकलेटचा थर, त्यावर दुधाचा पिवळा, मऊ, थरथरणारा थर, आणि सगळ्यात वर जाळलेल्या साखरेचा तांबूस पाक, कडांवरून ओघळणारा. ओळंब्याने तो बशीत आलेला पाहिला होता, खाल्ला होता, बोटं चाटली होती. होताना मात्र एकदाही पाहिला नव्हता. तो होत असायचा तेव्हा हा कुणाच्या तरी भिंतीवर असायचा.

त्याच्या मनात आलं, हीच संधी आहे. आज ही सांगेल तसं करायचं, आपली अक्कल चालवायची नाही. हिचे शब्द ह्या केकलाच लावून बघायचे. केक सरळ उतरला, तर शब्द सरळ. मग लेकीला दिलेला हो सुद्धा सरळ. केक बिघडला, तर हिला कुठेही पाठवायचं नाही. एवढं ठरल्यावर त्याला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. मापाला काहीतरी सापडलं होतं.

बायको स्टुलावर बसली. तिने डाव्या हाताने साखरेचा डबा दाखवला, कढई दाखवली. ओळंब्याने कढईत नुसती साखर घातली आणि गॅस पेटवला. साखर आधी गप्प होती. मग कडेने पाझरायला लागली, मग पिवळी झाली, मग मधासारखी. वास असा सुटला की त्याला क्षणभर सगळं ठीक आहेसं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा."

ओळंबा थांबला. म्हणजे डाव हातात धरून वाट बघत उभा राहिला. साखर तांबडी झाली.

"थांबा!"

"थांबलोय गं."

साखर काळी पडली. धूर उठला.

"अहो! थांबा! थांबा!"

"अगं, आणखी किती थांबू?"

कढईत कोळसा झाला होता. समोरच्या दारातून शिंपीण पदराने वारा घालत आली. ह्या दोघांच्या दोन्ही वेळच्या खबरा तिच्याकडे असायच्या, आणि बायकोच्या आजारपणात तिने उष्टी भांडीसुद्धा घासली होती, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता.

"भाऊजी, चहा करताय की डांबर?"

"ही थांबा म्हणाली. मी थांबलो."

"अहो, ताई थांबा म्हणाल्या म्हणजे गॅस बंद करा म्हणाल्या! तुम्हाला काय बस येईपर्यंत थांबायला सांगत होत्या?"

ओळंबा गोंधळून दोघींकडे बघायला लागला. म्हणजे शब्द सरळ होता, उलटा नव्हताच. तरीही चुकला. आता ही चूक कुणाच्या नावावर मांडायची? थांबा म्हणजे हात आवर, आणि थांबा म्हणजे धीर धर. इतकी वर्षं हा शब्द कामावर दिवसातून पन्नासदा वापरला, आणि त्याच्या पोटात दोन माणसं राहतात, हे आजपर्यंत कळलं नव्हतं.

दुसऱ्यांदा साखर चढवली. ह्या वेळी बायकोने डोळे मिटून काहीतरी शोधलं. ओठ दोन-तीनदा चुकीच्या जागी गेले. मग ती म्हणाली, "वीट."

"वीट?"

"वीट. वीट!"

"ताई, विटेचं काय आता?" शिंपीण कळवळून म्हणाली.

पण ओळंब्याला ते सरळ काळजात जाऊन लागलं. वीट! कच्ची वीट फिकी असते, करपलेली काळी पडते, आणि नीट भाजलेली कशी असते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. साखर त्या रंगाला आली, तसा त्याने गॅस बंद केला. पाक केकच्या भांड्याच्या तळाशी ओतला, भांडं फिरवून सगळीकडे सारखा बसवला. बायकोने मान डोलावली.

मग मैदा. त्याने तो वाळू चाळावी तसा चाळला. कोको, साखर, खायचा सोडा घालून परातीत ढीग केला, ढिगाच्या मधोमध आळं केलं आणि त्यात अंडी, तेल, दही ओतून कडेकडेने मैदा ओढत कालवायला लागला. बायको तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिचं हे हसू थंडीनंतर आजच दिसत होतं.

"भाऊजी, खडी राहिली," शिंपीण म्हणाली.

दुसऱ्या भांड्यात डब्यातलं आटवलेलं दूध, साधं दूध आणि अंडी घुसळून झाली. काळं तयार, पिवळं तयार. ओळंब्याने दोन्ही भांडी ओट्यावर मांडली आणि हात पुसून बायकोसमोर उभा राहिला. "आता सांग. आधी कोणतं?"

ती म्हणाली, "काळं खाली."

त्याने काळं ओतलं.

"पिवळं वर."

डाव पालथा धरून त्याच्या पाठीवरून त्याने पिवळं हळूहळू सोडलं. काळ्यावर पिवळं दिसायला लागलं. सगळं डोळ्यांना पटत होतं. बशीत येतो तेव्हा केक असाच तर दिसतो. तेवढ्यात ती भांड्याकडे बोट करून समाधानाने म्हणाली, "काळं वर."

"अगं, आत्ता खाली म्हणालीस ना?"

"हो."

"मग खाली की वर?"

"हो. वर." आणि मग हाताचा तळवा पालथा करून, "मग खाली."

शिंपिणीने हळूच सुस्कारा टाकला. "असू दे भाऊजी. दमल्या असतील ताई." आणि ती शिवणाकडे निघून गेली. जाता जाता तिने डोळ्यांना पदर लावला, तो धुरासाठी नव्हता.

ओळंबा भांड्याकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात आता गवंडी जागा झाला. पाक भांड्याच्या तळाशी आहे. बशीत तो सगळ्यात वर असतो. म्हणजे शेवटी हे भांडं पालथं घालायचं असणार. आणि पालथं घातलं, तर आत्ता खाली असलेलं काळं वर येईल, पिवळं खाली जाईल. केक चुकीचा होईल! म्हणजे थरच उलटे सांगितलेत हिने. आधी पिवळं, मग काळं, असं हवं होतं. त्याने दोनदा ताळा करून बघितला. कुठेही चूक नव्हती. बायकोचे शब्द खोटे होते. म्हणजे लेकीला दिलेला हो खोटा. म्हणजे ती जाणार नाही.

त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा. पण तो आतून असा पोकळ वाजला, की ओळंबा स्वतःच दचकला. हात मात्र सवयीने पुढे गेले. चुकलेला थर त्याने कधी ठेवला नव्हता. "पाडू या," तो म्हणाला, "हे ओतून टाकतो, पुन्हा घालू."

तिने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. त्या एका हाताला आता दोन हातांचं बळ आलेलं होतं.

"अहो. थांबा."

आता हा कोणता थांबा? हात आवर, की धीर धर? ओळंब्याने विचार केला. दोन्ही धरले तरी भांड्याला हात लावायचा नाही, एवढंच निघत होतं. त्याने हात मागे घेतला. आयुष्यात चुकीची भिंत तशीच उभी ठेवायची ही त्याची पहिलीच वेळ.

भांड्यावर ताट झाकून त्याने ते मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात तिवईवर ठेवलं. पातेल्याचं झाकण लावलं. वाफ कुजबुजायला लागली. तो पायरीवर जाऊन बसला, पुन्हा आत आला, पुन्हा बाहेर गेला. बायको स्टुलावरच होती, खिडकीतून बाहेर बघत. तिच्या चेहऱ्यावर काळजीची रेघ नव्हती. शेवटी तिने पातेल्याकडे बोट केलं. "उघडा."

उघडा म्हणजे लावा, की उघडा म्हणजे उघडा? त्याने उघडलं.

वाफ विरली. ताट बाजूला केलं, आणि ओळंबा वाकला तो वाकलेलाच राहिला. भांड्यात वर काळं होतं. फुगलेलं, तुकतुकीत, भेगाळलेलं काळं. त्याने स्वतःच्या हाताने ओतलेल्या पिवळ्याचा पत्ता नव्हता. त्याने चष्मा पुसला. कडेला सुरी घालून बघितली. पिवळं खाली गेलं होतं, गुपचूप, बंद झाकणाखाली. पाया वर आला होता आणि छप्पर खाली, आणि काहीही पडलं नव्हतं.

"काळं वर," बायको स्टुलावरून म्हणाली. तोंडभर हसत. आणि पुन्हा तळवा पालथा करून, "मग खाली."

काळं खाली, हे ओतताना खरं होतं. काळं वर, हे आत्ता खरं होतं. पालथं घातल्यावर पुन्हा काळं खाली, हे अजून व्हायचं होतं, पण तेही खरंच होणार होतं. तिने एकही शब्द चुकीचा टाकला नव्हता. ती केक होण्याच्या पुढे पुढे बोलत होती, आणि हा मागे दोरी सोडून उभा होता.

मग तिचा लेकीला दिलेला हो?

ओळंबा जमिनीवरच बसला. शब्द सरळ असले, तर ती जाणार होती. आणि शब्द सरळ असले, तर तिला जायला नकोही होतं. दोन्ही हो त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. ह्यातला कोणता पाडायचा, हे इतके दिवस तो शोधत होता. आज प्रथमच त्याला वाटलं, की दोन्ही ठेवावे लागतील की काय. ते कसे उभे राहतात, हे त्याला कळत नव्हतं. काळं वर कसं गेलं, हेही कुठे कळलं होतं?

"जायचंय तुला?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि नकोही आहे?"

"हो," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. मग एखाद्या मंद पोराला शिकवावं तसं तिने आपला तळवा आधी सरळ धरला, मग पालथा केला, आणि मग पुन्हा सरळ.

संध्याकाळी लेक आली. सामान टाकून आधी आईच्या गळ्यात पडली, मग केकभोवती नाचली. गार झालेल्या भांड्यावर तिने मोठी बशी ठेवली, बापाने दोन्ही हातांनी सगळं उचलून एका दमात पालथं घातलं. भांड्याच्या आत काहीतरी सुस्कारून सुटलं. भांडं उचललं, तर विटेच्या रंगाचा पाक कडांवरून ओघळत होता, खाली पिवळं थरथरत होतं, आणि सगळ्याच्या बुडाशी काळं शांत बसलं होतं.

"काळं खाली," आई म्हणाली.

लेकीने बापाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाबा, आई अजून फार उलटसुलट बोलते का हो?"

"बोलते," ओळंबा म्हणाला. "पण लगेच पाडायचं नाही. झाकण उघडेपर्यंत थांबायचं."

"म्हणजे?"

"मलाही नीट कळलेलं नाही. तू केक खा."

सोमवारी सकाळी गाडी दारात आली. शिंपीण निरोप द्यायला आली आणि डोळे भरून बघत राहिली. लेकीने बॅगा ठेवल्या. ओळंब्याने बायकोला हात धरून पायरी उतरवली. ही पायरी त्यानेच बांधलेली, पण आज तीही त्याला जरा कललेली वाटली. गाडीत बसल्यावर तिने काच खाली करवून घेतली. तिचे ओठ शब्द शोधायला लागले. चुकीच्या दारांवर टकटक झाली. त्याने घाई केली नाही.

"अहो," ती म्हणाली. "थांबा. येते."

गाडी गेली. ओळंबा रस्त्यात उभा राहिला. ती निघाली होती आणि येते म्हणाली होती. उलटंच की, असं त्याच्या मनात आलं, आणि मग आठवलं, की निघताना सगळेच येते म्हणतात. तो स्वतःही रोज कामाला जाताना दारातून येतो असंच म्हणत आलेला होता. ह्या शब्दाला त्याने कधी दोरी लावून बघितली नव्हती. आणि थांबा? तो कोणता होता? हे मात्र त्याला ठरवता येईना.

"भाऊजी, आत चला," शिंपीण म्हणाली. "किती वेळ उभे राहणार?"

"थांबायला सांगितलंय," तो म्हणाला, आणि ही थट्टा आहे हे शिंपिणीला कळायलाही वेळ लागला, कारण ओळंब्याने केलेली थट्टा तिने आजवर ऐकली नव्हती.

घरात येऊन त्याने केकचं भांडं घासलं. तळाशी चिकटलेला पाक गरम पाण्याने सोडवला, फडक्याने पुसला, आणि पाणी निथळायला म्हणून भांडं फळीवर पालथं ठेवलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने ते उचललं आणि उताणं करून ठेवलं.